वृद्धांच्या सहवासांतलें शिक्षण

विद्यार्थ्यानें वृद्धांची सेवा करावी, असें म्हटलें म्हणजे सामान्यतः असा समज होतो कीं, त्यांत तरुण हा देणारा आणि वृद्ध हा घेणारा. हा समज अर्धाच खरा आहे. जो विद्यार्थी कांहीं महिने नियमानें एखाद्या वृद्धाकडे जातो, त्याला लौकरच आढळून येतें कीं, आपण दिलें त्याहून घेतलें अधिक.

सन १९६९ मध्यें, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, भारतांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तींत सामील होणाऱ्या विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावें, असा दंडक आहे. दंडक आवश्यकच, परंतु त्यामुळें पुष्कळ विद्यार्थी प्रथम केवळ तास भरावयास जातात. घड्याळाकडे पाहणारा हा विद्यार्थी माणसाकडे पाहूं लागतो, तेव्हांच त्याच्या शिक्षणास आरंभ होतो.

पहिला धडा बोलण्याचा. समोरच्या आजोबांना ऐकूं येत नाहीं असें दिसतांच मुलगा ओरडूं लागतो, आणि ओरडूनहि काम होत नाहीं. त्याचें कारण असें कीं, उतारवयांत बहुधा उंच पट्टीचे ध्वनि ऐकण्याची शक्ति प्रथम कमी होते. आणि स, श, थ ह्यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच ध्वनींवर अवलंबून असते. म्हणून आवाज कानीं पडतो, पण शब्द उमगत नाहीं. 'साठ' म्हटलें तर 'आठ' ऐकूं येतें. अशा वेळीं समोर, उजेड आपल्या तोंडावर पडेल असें बसावें, म्हणजे ओठांची हालचाल दिसते. आवाज न चढवितां सावकाश बोलावें, आणि वाक्य संपलें कीं थांबावें. हें थांबणें वर्गांत कोणी शिकवीत नाहीं.

दुसरा धडा हात आवरण्याचा. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दरवर्षीं आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पुष्कळांना तो नोव्हेंबरांत द्यावयाचा असतो. सन २०१४ पासून तो यंत्रावर बोट टेकवूनहि देतां येतो. परंतु जन्मभर कष्ट केलेल्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असल्या, तर यंत्र त्यांना ओळखीत नाहीं. जिवंत माणूस समोर बसलेला असतो, आणि ओळख मात्र पटत नाहीं! त्यासाठीं पुढें मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली. चलाख विद्यार्थी मोबाईल आपल्या हातांत घेऊन तें काम झटपट उरकतो. आजोबा गांठोड्यासारखे बाजूला बसून राहतात. समंजस विद्यार्थी मोबाईल त्यांच्याच हातांत ठेवतो, एकेक पायरी दाखवितो, त्यांचे गुप्त आंकडे विचारीत नाहीं, आणि अर्धा तास गेला तरी कुरकुरत नाहीं. पुढच्या वर्षीं तें काम आजोबा कदाचित् स्वतः करतात. जें काम वृद्धाला करतां येण्यासारखें आहे, तें त्याच्या हातून काढून घेणें ही सेवा नव्हे.

एवढा धीर आला म्हणजे मग घेण्याचें भाग्य लाभतें. आज ज्यांनीं ऐंशी वर्षें ओलांडलीं, त्यांच्या बाळपणीं रुपयाचे सोळा आणे होते. दशमान नाणीं आलीं तीं १ एप्रिल १९५७ रोजीं. आणे-पैच्या त्या हिशेबासाठीं पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी तोंडपाठ करून घेत. अठ्ठेचाळीस रुपये किलोचे सव्वा किलो तांदूळ घेतले, तर अठ्ठेचाळिसाची चौथाई बारा, ती मिळवून साठ, असें आजी भाजी निवडतां निवडतां सांगते. वाणिज्य शाखेचा पदवीधर अद्याप मोबाईल चांचपीत असतो.

इतिहासाचेंहि तसेंच. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटलें, एवढें पुण्याच्या मुलाला ठाऊक असतें. पण पाणी कोणत्या गल्लींत केव्हां शिरलें, कोणी काय उचलून धांव घेतली, हें तो पूर पाहिलेला माणूसच सांगूं शकतो. दोघां वृद्धांच्या हकीकती जुळल्या नाहींत, तर त्यांना खोटें न पाडतां त्या काळचीं वर्तमानपत्रें चाळून पाहावीं, ही शोधाची रीतहि तेथेंच कळते.

शेवटचा धडा सर्वांत कठीण आहे. तास भरतात, परीक्षा जवळ येते, आणि मुलगा येईनासा होतो. रविवारीं चार वाजतां मात्र आजोबांनीं दुसरी खुर्ची पुढें ओढून ठेवलेली असते. त्यांनीं कोणाजवळ तक्रार केलेली नसते. म्हणूनच ती रिकामी खुर्ची फार बोलते. ह्यास्तव आरंभींच झेपेल तेवढेंच वचन द्यावें. आठवड्याला एकच तास, पण तो चुकवूं नये. येणें जमत नसेल तर आधीं कळवावें. आणि जाणें थांबवावयाचें असेल, तर समोर बसून, निरोप घेऊन थांबवावें. ज्याला हें साधलें, त्याचे २४० तास केवळ वहींत भरले नाहींत, असें म्हणावयास हरकत नाहीं.