शेपटीखालची नाडी

माणसाची नाडी मनगटावर, गाईची शेपटीखाली. परभणीकडच्या गोठ्यात जनावरांचा डॉक्टर आला की शेपूट उचलतो, बुडापासून वीतभर खाली मधोमध दोन बोटं टेकवतो आणि घड्याळाकडं बघत गप्प राहतो. तेवढ्यात मालकानं चार प्रश्न विचारलेले असतात. उत्तर एकालाही मिळत नाही. धडधाकट गाईची नाडी मिनिटाला साधारण ६० ते ७०. शेजारी उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीचं हृदय मात्र अडीचशेच्या वर पळत असतं. देह लहान, तितकी घाई.

लाल कंधारी गाय मूळची नांदेडातल्या कंधारची, पण परभणीतही दावणीला दिसते. अशा साडेतीनशे किलोच्या गाईच्या अंगात रक्त असतं वीसेक लिटर. दुधाचा मोठा कॅन जेमतेम अर्धा भरेल एवढं. आणि एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून चारशे ते पाचशे लिटर रक्त जावं लागतं. हिशेब जुळतो तो एकाच कारणानं : तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतं. हृदयाच्या उजव्या बाजूनं फुफ्फुसात, तिथून प्राणवायू घेऊन डाव्या बाजूला, मग अंगभर. इंग्रज वैद्य विल्यम हार्वेनं १६२८ साली असाच गुणाकार मांडला होता. हृदय तासाभरात जेवढं रक्त ढकलतं, तेवढं खाल्लेल्या अन्नातून नव्यानं तयार होणं शक्यच नाही. म्हणजे ते परत येत असलं पाहिजे.

परत येणारं रक्त बघायचं असेल तर बाजारात जावं. गिऱ्हाईक गाईच्या पोटाखाली हात घालून नागमोडी, फुगीर दुधाची शीर चाचपतं. नाव दुधाची, पण तिच्यात दुधाचा थेंब नसतो. कासेतून हृदयाकडं निघालेलं रक्त असतं ते.

शेपूट आणि पोटानंतर रक्ताची खबर देणारी तिसरी जागा डोळ्याची. खालची पापणी उलटली की आतला भाग गुलाबी हवा. पांढरट दिसला तर आधी गोचीड शोधायचे. गोचिडांमधून थायलेरिओसिस होतो, त्यात तांबड्या पेशी नासतात. संकरित गाई लवकर सापडतात. गोचिडांच्याच दुसऱ्या रोगात, बबेसिओसिसमध्ये, पेशी फुटून त्यांचा रंग लघवीत उतरतो, लघवी कॉफीसारखी होते. रक्त फारच उतरलं तर दुसऱ्या निरोगी जनावराचं चढवता येतं, आणि गाईला पहिल्या खेपेला ते बहुधा सोसतं. दुसऱ्या खेपेला मात्र जुळणी तपासावी लागते.

चौथी जागा मानेची, आणि मला सगळ्यांत धास्ती तिचीच वाटते. सुरुवात मात्र होते खाण्यापासून. शेळी ओठांनी एकेक पान निवडते. गाय जीभ फिरवून अख्खा घास ओढते. त्यात कडब्यातली तार, खिळा, काहीही जातं. जड वस्तू जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या जाळीदार कप्प्यात, बसते. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये पडदा तेवढा, अंतर काही बोटांचं. जाळीपोट आवळलं की तार पुढं सरकते. गाभण गाईला वासराचा भारही मागून रेटतो. गाईच्या हृदयात खरोखर हाड असतं, झडपांना आधार देणारं. पण तारेपुढं त्याचं काही चालत नाही. हृदयाभोवतीच्या पिशवीत पू साचतो, हृदयाला फुलायला जागा उरत नाही आणि परतीचं रक्त वाटेतच तुंबतं. मानेतली शीर दोरखंडासारखी टरारते, जबड्याखाली आणि गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरतं. गाय कोपरं बाहेर काढून उभी राहते, उताराला पाय टाकत नाही.

इथवर आल्यावर उपाय फारसा उरत नाही. आधी मात्र सोपा आहे : बोटाएवढं गुळगुळीत चुंबक गाईला गिळायला देतात. ते जाळीपोटात जाऊन बसतं आणि जन्मभर तिथंच राहतं. येईल ती तार त्याला चिकटते. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी चुंबकाचं नाव काढलं की गोठ्यात अजून हसू फुटतं. मग डॉक्टर खिशातून चुंबक काढतो, कुट्टीच्या ढिगावरून एकदा फिरवतो आणि काय चिकटलं ते मालकाच्या तळहातावर ठेवतो.