इंजिनाच्या पोटातली साखळी

हट्ट्याहून वसमतला किंवा परभणीला निघालेली मोटारसायकल सकाळी थंड असताना सुरू होते, तेव्हा क्षणभर कान देऊन ऐकावे. कित्येक गाड्यांत इंजिनाच्या एका बाजूने खडखड येते आणि मिनिटभरात विरते. मालक म्हणतो, "जुनी झाली, वाजायचीच!" वाचकहो, हा समज महागात पडणारा आहे. ती खडखड पुष्कळदा टायमिंग चेनची असते, आणि आवाज विरला म्हणजे रोग गेला असे नव्हे.

ही साखळी मागच्या चाकाची नव्हे. ती इंजिनाच्या पोटात असते, म्हणून दिसत नाही. चार-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घेण्यासाठी एक झडप आणि धूर बाहेर टाकण्यासाठी दुसरी. त्यांनाच आपण व्हॉल्व म्हणतो. ते उघडणारा दांडा म्हणजे कॅम. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, म्हणून वरच्या चक्राला खालच्याच्या दुप्पट दात असतात. हा हिशेब सांभाळणारी ती ही साखळी. ती एक-दोन दात सरकली तर पिस्टन वर येतो आणि व्हॉल्व अजून उघडाच असतो. दोघांची गाठ पडली की व्हॉल्व वाकतो, कधी पिस्टनला भोक पडते. आकुर्डीला 1972 पासून बनू लागलेल्या जुन्या दोन-स्ट्रोक चेतकला हे दुखणे नव्हते, कारण तिला असे व्हॉल्वच नव्हते. चार-स्ट्रोक गाड्या गावोगाव आल्या, पेट्रोल वाचले, आणि ही साखळीही बरोबर आली.

साखळी ताणली गेली असे आपण म्हणतो. खरे पाहता लोखंड लांबत नाही, कड्यांमधल्या पिना झिजतात. प्रत्येक पिनेपाशी केसाएवढी ढिलाई आली तरी साऱ्या कड्यांची मिळून बरीच होते. ती भरून काढतो टेन्शनर. तो स्प्रिंगच्या जोरावर पट्टी किंवा चाक साखळीवर दाबून धरतो.

या लहानशा भागाने एका नामांकित मोटारीच्या मालकांनाही घोर लावला होता. जर्मनीतल्या पोर्शे कंपनीची 911 ही स्पोर्ट्‌स मोटार 1963 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. इंजिन सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे. तीन सिलिंडर एका अंगाला, तीन दुसऱ्या. प्रत्येक अंगाला एक लांब साखळी आणि एक टेन्शनर. त्या टेन्शनरच्या आत स्प्रिंग आणि कोंडलेले तेल. साखळीचा धक्का ते तेल झेलायचे. पण वर्षे गेली की सील झिजून तेल पाझरून जाई, दट्ट्या आत बसे, साखळी सैल पडे. मग खडखड, आणि वेळीच लक्ष न दिल्यास किमती इंजिनाचा चुराडा.

यावर निघालेला एक उपाय मला फार आवडतो, कारण तो आपल्या गावचा लोहारही समजू शकेल. टेन्शनरच्या दट्ट्याभोवती धातूचे एक कडे आवळून बसवायचे. टेन्शनर मेला तरी दट्ट्या त्या कड्याला टेकतो, पार आत जात नाही. साखळी वाजते, पण दात सोडत नाही. मालकाला दुरुस्तीपुरती सवड मिळते. मात्र कडे अगदी भिडवून चालत नाही. इंजिन तापले की सिलिंडर प्रसरण पावतात, कॅम क्रँकपासून किंचित दूर सरकतो, साखळी आवळते. अशा वेळी दट्ट्याला आत सरकायला जागा हवी. फट ठेवली नाही तर साखळी तटतटून ताणते आणि संरक्षणच जाच होते. कंपनीने 1984 च्या मॉडेलपासून टेन्शनरला इंजिनाच्या वंगणाचेच तेल दाबाने पुरवले. कोंडलेले तेल संपण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला. तो सुधारलेला टेन्शनर जुन्या गाड्यांतही बसवता येतो.

आपल्या शंभर-दीडशे सीसीच्या गाडीला कडे नको. तिला तेल हवे. तेल कमी किंवा काळे-पातळ झाले की पिना आणि पट्टी लवकर झिजतात, म्हणून काडी काढून पातळी पाहावी आणि पुस्तिकेत दिलेल्या अंतराला तेल बदलावे. हळदीच्या हंगामात मागे पोते बांधून गाडी राबवणाऱ्यांनी तर हे विसरू नये! ज्या गाडीत ताण हाताने लावायचा बोल्ट आहे, तिथे "आणखी थोडे आवळ" असा आग्रह मिस्त्रीकडे धरू नये. फार आवळलेली साखळी पट्टी खाते. टॅपेटची टिकटिक बारीक असते, साखळीची खडखड जाडसर. फरक कळत नसेल तर मिस्त्रीला थंड इंजिनावरच ऐकवावे, गाडी तापवून नेऊ नये. बोअर-पिस्टनसाठी इंजिन उघडलेच तर साखळी, पट्टी आणि टेन्शनर तिन्ही तपासून घ्यावे. जुन्या साखळीशेजारी नवी टांगून पाहायला सांगा. लांबीतला फरक डोळ्यांनाच दिसेल.