लुकलुकणारा दिवा

मोटारीच्या डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर पेटणे आणि तोच दिवा लुकलुकणे, या दोन वेगळ्या सूचना आहेत. रंगांचा नियम बहुतेकांना माहीत असतो: लाल म्हणजे गाडी थांबवा, पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्या, हिरवा किंवा निळा म्हणजे एखादी सोय चालू आहे. हा नियम लुकलुकणाऱ्या दिव्याला पुरत नाही. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तोच लुकलुकू लागला तर त्याला जवळजवळ लाल दिव्याइतकेच महत्त्व द्यावे लागते.

पेट्रोल गाडीत हा दिवा लुकलुकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ‘मिसिंग’. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाही किंवा अर्धवट पेटते. क्रँकशाफ्टवरचा सेन्सर तिचा वेग सतत मोजत असतो. एका सिलिंडरचा धक्का चुकला की त्या वेगात बारीकसा खंड पडतो आणि इंजिनाचा संगणक तो टिपतो. चालकाला जाणवते ते एवढेच, की गाडी झटके मारते, पिकअप कमी होतो, उभ्या गाडीचे इंजिन थरथरते. खरे नुकसान मात्र सायलेन्सरच्या बाजूला होत असते. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शिरते आणि तिथे पेटते. कन्व्हर्टरच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर असतो. उष्णता फार वाढली की ही जाळी वितळते आणि धूर बाहेर जाण्याची वाट तुंबते. मिसिंगला कारण ठरणारा ठिणगीचा प्लग किंवा कॉइल बदलणे त्या मानाने स्वस्त असते, नवा कन्व्हर्टर बसवणे फार महाग. म्हणून दिवा लुकलुकत असताना रेस वाढवू नये, चढावर गाडी ओढू नये. सुरक्षित जागा बघून थांबावे आणि इंजिन बंद करावे.

बिघाड शोधण्याची सुरुवात स्कॅनरने होते. भारतात १ एप्रिल २०२० पासून उत्सर्जनाची बीएस-६ मानके लागू आहेत आणि अलीकडच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली, पायांपाशी, स्कॅनर जोडण्याची सोळा पिनांची जागा असते. पी ०३०० हा कोड मिळाला तर मिसिंग एकाच सिलिंडरपुरते नाही असे समजावे. पी ०३०१, पी ०३०२ अशा कोडमधला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. कोड नेमका कोणता भाग खराब आहे ते सांगत नाही, फक्त कुठे बघायचे ते सांगतो. कोड दिसला की लगेच महागडा भाग बदलण्याची घाई ग्राहकाच्या खिशाला भारी पडते. बॅटरीची वायर काढून दिवा ‘घालवणे’ तर त्याहून वाईट, कारण दोष घडला तेव्हाचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार ही सगळी नोंद त्यासोबत पुसली जाते.

चांगला मेकॅनिक अदलाबदल करून पाहतो. दुसऱ्या सिलिंडरचा कोड आला असेल तर त्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायची. कोड आता पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलचा. कोडने जागा बदलली नाही, तर हाच प्रयोग प्लगने करायचा, मग इंजेक्टर आणि त्याची वायरिंग पाहायची. हे सगळे ठीक निघाले तर शेवटी कॉम्प्रेशन मोजायचे. पावसाळ्यात किंवा प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर प्लगच्या खोबणीत पाणी साचले का, हे आधी बघावे. उंदरांनी कुरतडलेली वायर हेही आपल्याकडे नेहमी सापडणारे कारण. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि सीएनजीवर मिसिंग सुरू होते.

डिझेल गाडीत वेटोळ्याच्या आकाराचा दिवा थंड इंजिन सुरू करताना काही क्षण पेटतो, तो ग्लो प्लगचा. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या डिझेल गाड्यांत चालताना तोच लुकलुकू लागला तर इंजिनाच्या नियंत्रणात दोष आहे असा अर्थ होतो. कधी कधी मूळ कारण ब्रेक पेडलजवळचा लहानसा स्विच असतो. म्हणून आधी मागचे ब्रेक लाइट लागतात का ते पाहावे.

अनेक दिवे एकदम लुकलुकले की माणूस घाबरतो, पण अशा वेळी बहुधा बॅटरीकडे वळावे. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन सुरू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५. सुरू इंजिनावर आकडा १३ च्या खाली राहिला तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि वायरिंग तपासावी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि सैल अर्थिंग हीही तितकीच सामान्य कारणे.

घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा ओल्या रस्त्यावर लुकलुकतो, तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल काम करत असतो. तो बिघाड नव्हे, वेग कमी करण्याची सूचना. टायरच्या हवेचा दिवा गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवा कमी नसून बहुतेक वेळा सेन्सर बिघडलेला किंवा त्याची बॅटरी संपलेली असते. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकला तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे.

तेलाच्या किटलीचा लाल दिवा रेस कमी करताच लुकलुकला तरी इंजिन त्याच क्षणी बंद करावे. गाडी सपाट जागी थोडी थांबवून डिपस्टिकवर तेल पाहावे. तेल पुरेसे असूनही दिवा पुन्हा आला, तर प्रेशर स्विच, गाळणी किंवा ऑइल पंप यांपैकी काय बिघडले ते गेज लावून मोजेपर्यंत इंजिन सुरू करू नये. गाडी टो करून न्यावी.