मोटारीच्या पाट्याचीं झिजलेलीं भोंकें

बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यांत बसविलेली लोखंडी नळी ढिली झाली म्हणजे चाक डुलूं लागतें, तुंबा आंतून खाल्ला जातो, आणि वेळींच सुतार-लोहाराकडे न नेल्यास गाडी भर रस्त्यांत बसते, हें ज्यानें गाडी हांकली आहे त्यास सांगावयास नको. हाच न्याय मोटारीस लागू आहे. फरक इतकाच कीं, तुंबा डोळ्यांसमोर असतो, व मोटारीचीं भोंकें चिखलाच्या थराखालीं झांकलेलीं असतात. त्यामुळें त्यांची आठवण धन्यास बहुधा उशिरा होते. त्यांची परीक्षा कशी करावी व दुरुस्ती कोणती खरी, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

हडपसर आतां पुणें शहरांत मोडतें. तरी येथेंच सोलापूर रस्त्यास सासवडचा रस्ता मिळतो, आणि पुरंदरचीं अंजिरें, सीताफळें व वाटाणा दिवे घाट उतरून याच वाटेनें पुण्याच्या बाजारास येतात. महिंद्र कंपनीनें १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत विलीज जीपगाड्या जोडावयास आरंभ केला. त्या वंशांतील जुन्या जीपगाड्या व त्यांच्या मागून आलेल्या पिकअप गाड्या आमच्या शेतकरी बंधूंच्या घरीं अद्याप राबत आहेत. घाटाची वाट, भरलेला माल व जुनी गाडी हीं तीन एकत्र आलीं म्हणजे पुढील गोष्ट क्षुल्लक राहत नाहीं.

या गाड्यांचा भार पोलादी पात्यांच्या कमानीवर, म्हणजे पाट्यावर, तोललेला असतो. पाट्याच्या एका टोंकास वळवून केलेला डोळा असतो. त्यांत रबराचा बुश व बुशाच्या पोटांत पोलादी नळी असते. हा डोळा चासीस जडविलेल्या हँगरच्या दोन गालांमध्यें धरून आरपार बोल्ट घालतात. दुसरें टोंक शॅकल नांवाच्या हालत्या दुव्यानें टांगलेलें असतें. कारण ओझ्यानें कमान चेपली म्हणजे तिची लांबी वाढते व टोंकास सरकावयास वाव लागतो. म्हणून ब्रेकचा जोर व इंजिनाची ओढ चाकापासून चासीपर्यंत मुख्यतः हँगरच्या बोल्टाच्या वाटेनें जाते. (अगदीं जुन्या जीपांत रबराऐवजीं वंगणावर फिरणारे बुश असतात, पुढील विवेचन रबरी बुशांच्या गाड्यांस लागू समजावें.)

बोल्ट हा भार कसा पेलतो, याविषयीं पुष्कळांची समजूत चुकीची असते. बोल्ट म्हणजे खुंटी व तिच्यावर ओझें टांगलेलें, असें आपण मानतों. वास्तविक आवळलेला बोल्ट खुंटीप्रमाणें नव्हे, तर सांडशीप्रमाणें काम करतो. ८.८ या प्रतीचा, १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट नीट आवळला असतां तो दोन्ही गाल सुमारें पावणेचार टनांच्या दाबानें आंतील नळीवर दाबून धरतो. लोखंडाचें लोखंडावरील घर्षण त्या दाबाच्या १५ टक्के धरलें, तर प्रत्येक गालापाशीं साडेपांच क्विंटल, म्हणजे दोहोंकडे मिळून टनाहून अधिक जोर केवळ या पकडीवर पेलला जातो. बोल्टाचा भार भोंकाच्या कडेवर पडतच नाहीं.

नट सैल झाला कीं ही पकड गेली, आणि बोल्ट खरोखरच खुंटी बनला. मग प्रत्येक खड्ड्यास व प्रत्येक ब्रेकास तो भोंकाच्या कडेवर घणासारखा आदळतो. हँगरचा पत्रा बोल्टाहून मऊ असल्यानें भोंक गाडीच्या लांबीच्या दिशेनें लांबट होतें. भोंक वाढलें कीं आघात वाढतो, व आघात वाढला कीं भोंक आणखी वाढतें.

याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे. आमच्या जुन्या पिकअपच्या मागील डाव्या अंगास ब्रेक लावतांना ‘टक्’ असा आवाज येत असे. एक हंगामभर आम्हीं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. मध्यंतरीं रस्त्यावरील एका कारागिराकडून नटाखालीं जाड वॉशर घालून घेतला व समाधान मानलें. पुढें वाटाण्यानें भरलेली गाडी दिवे घाट उतरत असतां ब्रेक लावतांच तिनें मागचें अंग एकीकडे टाकलें. गाडी सांवरली, हें आमचें दैव. खालीं येऊन बोल्ट काढून पाहिला, तों १२ मिलिमीटरांचें भोंक एका दिशेनें १६ मिलिमीटर झालेलें होतें. म्हणजे दर ब्रेकास एक चाक मागें सरकत होतें, आणि तिरका झालेला आंस गाडीस चालकाच्या मनाविरुद्ध वळवीत होता.

हा प्रसंग टाळावयाचा तर पुढील तीन परीक्षा प्रत्येक हंगामापूर्वीं कराव्या. पहिली, हँगर धुऊन पाहावा. नटाभोंवतीं तांबूस भुकटी किंवा घासून चकचकीत झालेली चंद्रकोरीसारखी खूण दिसल्यास तेथें हालचाल आहे असें समजावें. दुसरी, गाडी सपाट जमिनीवर चाकें सरळ करून उभी करावी; पुढील व मागील चाकांच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्या व दोन्ही बाजूंचें अंतर मोजावें. पांच-सहा मिलिमीटरांहून अधिक फरक आल्यास भोंक झिजलें आहे, कीं मधला सेंटर बोल्ट तुटून पाटा सरकला आहे, याचा शोध घ्यावा. तिसरी, संशय आल्यास बोल्ट काढून भोंक व्हर्नियरनें उभें व आडवें मोजावें. दोन मापांत अर्ध्या मिलिमीटराचा फरक असला तरी आम्ही तें दुरुस्तीस योग्य समजतों. हें करतांना गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीहि शिरूं नये.

आतां उपायांविषयीं. जाड बोल्ट घालणें हा उपाय नव्हे. तो बुशाच्या नळींत जात नाहीं, व भोंक मोठें केल्यानें कडेचें लोखंड कमी होतें. भोंकाच्या मध्यापासून कडेपर्यंत बोल्टाच्या जाडीच्या निदान दीडपट अंतर असावें. भोंक वेल्डिंगनें भरून जागेवरच पुन्हां पाडणें हेंहि बरें नव्हे. वेल्डिंगचा भाग कठीण होतो, गिरमिट मऊ बाजूस सरकतें, आणि दोन गालांचीं भोंकें एका ओळींत येत नाहींत. वॉशरानें काय होतें, तें वर सांगितलेंच आहे.

हँगरास चीर गेली असल्यास अथवा कडेस लोखंड उरलें नसल्यास नवा हँगर बसवावा. तेथें काटकसर करूं नये. लोखंड शाबूत असेल तर खरादीकडून खांद्याचीं दोन कडीं करून घ्यावीं. कड्याचा बारीक भाग गालाच्या जाडीइतकाच लांब व खांदा बाहेरून टेकणारा असावा, म्हणजे आंतील बाजू सपाट राहते व नळीस पूर्ण टेंकण मिळतें. गालांचीं भोंकें रीमरनें गोल करून त्यांत हीं कडीं घट्ट बसवावीं. मात्र भोंक एकाच अंगास खाल्लें गेलें असतें, म्हणून मूळ मध्य दुसऱ्या बाजूच्या शाबूत हँगरावरून मापून ठरवावा. दोन्ही कड्यांतून एक सरळ सळई घालून प्रथम दोन-तीन ठिकाणीं टांके द्यावे, सळई सहज सरकते असें पाहावें, व मगच खांद्याभोंवतीं पुरें वेल्डिंग करावें.

वेल्डिंगपूर्वीं रबरी बुश काढावा, बॅटरीच्या तारा सोडाव्या, आणि इंधनाची टांकी व ब्रेकच्या नळ्या दूर किंवा सुरक्षित कराव्या. चासीच्या वरच्या वा खालच्या पट्टीवर आडवें वेल्डिंग करूं नये. त्या रेषेवर पुढें चीर जाते. चासीवरील क्रमांकास तर धक्काहि लागूं देऊं नये, कारण गाडीची नोंदणी त्यावर अवलंबून असते.

शेवटीं नवाच बोल्ट व नवा लॉक नट घालावा. बोल्टाचा गुळगुळीत भाग दोन्ही कड्यांत यावा. आटे भोंकांत घासूं नयेत. गाडीच्या पुस्तिकेंत आंकडा नसल्यास अशा बोल्टास साधारण ८० न्यूटन-मीटर, म्हणजे मीटरभर पान्याच्या टोंकास आठ किलोंचा जोर द्यावा. परंतु हें आवळणें गाडी चाकांवर उतरवून, पाट्यावर वजन आल्यावरच करावें. गाडी उचललेली असतां आवळल्यास रबर पिळलेल्या स्थितींत अडकतें व लवकर फाटतें. पहिल्या शंभर-दोनशें किलोमीटरांनंतर नट पुन्हां तपासावा.

या सर्वांस सामान्यतः एक दिवस पुरतो. बैलाच्या खुराखालीं खडा गेला असतां आपण त्यास तसाच जुंपीत नाहीं. मोटार बोलत नाहीं, पण ‘टक्’ असा आवाज करून आपलें दुखणें सांगते. तो आवाज आला कीं घाट चढण्यापूर्वीं गाडीखालीं पाहावें, इतकीच आमच्या शेतकरी बंधूंस विनंति आहे.