शवविच्छेदनाला सीटी स्कॅनची जोड

८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात, केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. सहा कामगार महिला त्याच दिवशी गेल्या. उपचार सुरू असताना मृतांचा आकडा पुढे वाढत गेला. अशा आगीनंतर न्यायवैद्यक डॉक्टरांपुढे तीन प्रश्न असतात. मृतदेह कोणाचा? आग लागली तेव्हा ती व्यक्ती जिवंत होती का? मृत्यू आगीनेच झाला का?

जळालेलं शरीर तपासणाऱ्याला चकवू शकतं. प्रखर उष्णतेने हाडं तडकतात, कवटीच्या आत रक्त साकळतं आणि डोक्यात घाव घातल्याचा भास होतो. सीटी स्कॅनमध्ये या तड्यांची आणि रक्ताची ठेवण नीट पाहता येते. दात, हाडात बसवलेली धातूची पट्टी, कपाळातल्या पोकळीचा आकार हेही दिसतं. मयताचा जुना एक्स-रे मिळाला, तर तो ताडून ओळख पटवता येते. श्वासनलिकेतली काजळी आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड यांसाठी मात्र शवविच्छेदन आणि प्रयोगशाळाच लागते.

न्यायदानासाठी शरीराच्या आतलं चित्र वापरण्याची कल्पना जुनी आहे. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि काही महिन्यांतच माँट्रियलच्या न्यायालयात पायात रुतलेल्या गोळीचा एक्स-रे पुरावा म्हणून आला. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाने सीटी आणि एमआरआय वापरून ‘व्हर्टोप्सी’ ही पद्धत घडवली. भारतात दिल्लीच्या एम्सने २०२१ मध्ये ही सोय सुरू केली.

अशा तपासणीची गरज आगीपुरती नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा यंत्रांचा, बांधकामांचा आणि अवजड वाहनांचा. उंचावरून पडून, यंत्रात सापडून किंवा ट्रकखाली येऊन कामगार दगावला, की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो आणि मृतदेह वायसीएमसारख्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात पोस्टमॉर्टेमला जातो. कामगाराचं गाव बरेचदा मराठवाड्यात, बिहारमध्ये किंवा उत्तर प्रदेशात असतं. नुकसानभरपाईच्या दाव्यात त्या घरच्यांना पीएम रिपोर्टचा मोठा आधार असतो.

अशा दुखापतींत सीटीची ताकद दिसते. मोडलेली हाडं, शरीरात शिरलेला धातूचा तुकडा, छातीत साचलेली हवा यांचा नेमका नकाशा मिळतो. अंत्यसंस्कार झाल्यावरही तो जपून राहतो आणि दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा तपासता येतो.

पण काम करता करता कोसळलेल्या कामगाराचं काय? ब्रिटनमध्ये १८२ मृतदेहांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात सीटीने सांगितलेलं मृत्यूचं कारण ३२ टक्के वेळा शवविच्छेदनाशी ठळकपणे जुळलं नाही. हृदयविकार, फुप्फुसातली गुठळी, न्यूमोनिया ही कारणं निसटली. विषबाधेचा संशय असेल, तर व्हिसेरा, म्हणजे अंतर्गत अवयवांचे नमुने, राखून ठेवण्याला पर्याय नाही.

म्हणून अपघात आणि आगीच्या प्रकरणांत आधी स्कॅन, मग गरजेपुरतं विच्छेदन. अचानक मृत्यूत मात्र पूर्ण शवविच्छेदन, हाच क्रम योग्य ठरतो. त्यासाठी शवागाराजवळ वेगळं सीटी यंत्र आणि मृतदेहांच्या प्रतिमा वाचण्याचं प्रशिक्षण घेतलेले रेडिओलॉजिस्ट हवेत. कामगारांच्या कष्टावर उभ्या राहिलेल्या या पट्ट्यातल्या महापालिकेने आणि कंपन्यांनी हा खर्च उचलायला हवा.