दिवाणी दावा : नेहमीचे प्रश्न
धुऱ्याचा दावा जमीन ज्या न्यायालयाच्या हद्दीत, तिथेच चालतो. वाशीम जिल्ह्यातल्या शेतासाठी मालक पुण्यात राहतो म्हणून पुण्यात नाही. उसने पैसे वसूल करण्याची मुदत साधारणतः 3 वर्षे, मालकीहक्कावरून ताबा मागण्याची 12. खरे नुकसान होते ते समन्स घेऊन गप्प बसल्याने. 30 दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते, सबळ कारण असेल तर 90 दिवसांपर्यंत. नाहीतर दावा एकतर्फी निकाली निघू शकतो. वहिवाटीचा रस्ता अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली 6 महिन्यांच्या आत तहसीलदाराकडेही दाद मागता येते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. लोकअदालतीत तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते. त्या निवाड्यावर अपील मात्र नाही.