छांगआनच्या दफ्तरातला महाराष्ट्र

शीआन नगरास जाणाऱ्या प्रवाशांपैकी बहुसंख्य लोक गाडीतून उतरताच पूर्वेकडे धाव घेतात. कारण १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीस लागलेली, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याची राखण करणारी मृण्मय सेना त्या दिशेस उभी आहे, आणि तिची कीर्ती एवढी दिगंत झाली आहे की खुद्द नगराकडे पाहण्यास कोणास सवड उरत नाही. ती सेना अवश्य पाहावी; परंतु मुक्काम थोडा असेल तर मी दक्षिणेचीच वाट धरण्याची शिफारस करीन. बीजिंगमध्ये चिनी भाषेचे अध्ययन करीत असताना सुटीच्या दिवसांत जी काही चिनी शहरे माझ्या पाहण्यात आली, त्यांत एका मराठी विद्यार्थ्याचे काही देणे लागते असे शहर मला हेच वाटले.

आज नगरासभोवार जी तटबंदी दिसते ती मिंग घराण्याच्या अंमलातली, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. सुमारे चौदा किलोमीटर घेराचा आणि बारा मीटर उंचीचा हा तट माथ्यावर इतका रुंद आहे की भाड्याच्या सायकली घेऊन लोक त्यावरून खुशाल प्रदक्षिणा घालतात. परंतु तांग सम्राटांच्या काळचे हेच नगर, म्हणजे छांगआन, याहून कितीतरी विस्तीर्ण, जवळपास चौऱ्याऐंशी चौरस किलोमीटरांचे होते. मिंगांनी त्यातला मधला तुकडा तेवढा तटात घेतला, आणि पूर्वी नगराच्या आत असलेली अनेक स्थळे वेशीबाहेर पडली. त्यांपैकी एकाकडे आपल्याला जावयाचे आहे. वाटेत मात्र दक्षिण तटाच्या आतील अंगास असलेले ‘बेईलिन’, म्हणजे शिलालेखांचे वन, चुकवू नये.

१०८७ साली, सोंग राजवटीत, इतस्ततः पडलेल्या शिलापटांचा बंदोबस्त करावा म्हणून हे संग्रहालय स्थापन झाले. येथील मुख्य ठेवा म्हणजे ८३७ साली पुरे झालेले पाषाणग्रंथ. एकशे चौदा प्रचंड शिलांच्या दोन्ही अंगांवर बारा अभिजात ग्रंथ, मिळून सुमारे साडेसहा लाख अक्षरे, या हेतूने कोरलेली आहेत की नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ परीक्षार्थींनी मूळ संहितेशी ताडून दुरुस्त करावे. क्रमिक पुस्तकाची अधिकृत प्रत सरकारने दगडात काढावी, ही कल्पना मला राजवाड्यांपेक्षाही भव्य वाटली. एका दालनात ठसे घेण्याचे काम चालू होते: कारागिराने ओला पातळ कागद शिळेवर पसरला, ब्रशाने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसविला, अंमळ सुकू दिला, आणि मग शाईच्या गादीने हलक्या हाताने टिपीत गेला, तेव्हा काळ्या भूमीवर पांढरी अक्षरे ओळीने उगवू लागली. तेथे जमलेली शाळकरी मुले ती मोठ्याने वाचीत होती.

तटाच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर दा त्सीअन विहाराच्या आवारात महाहंस स्तूप उभा आहे. विटांचा, चौकोनी, सात मजल्यांचा, सुमारे चौसष्ट मीटर उंचीचा आणि किंचित कललेला हा मनोरा शोभेसाठी उभारलेला नव्हे; तो मुळात ग्रंथांचे कोठार होय. ह्युएनत्संग हा भिक्षू, सम्राटाची बंदी असता, परवान्यावाचून सरहद्द ओलांडून भारतात गेला, आणि ६४५ साली सहाशे सत्तावन्न ग्रंथ घेऊन परतला, तेव्हा त्याच सम्राटाने त्याचा मोठा आदर केला. ग्रंथांस आगीपासून भय राहू नये म्हणून ६५२ साली हा मनोरा बांधविण्यात आला. टोपल्यांतून विटा वाहण्याच्या कामी भिक्षूने स्वतः हात लावल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. आजची बांधणी नंतरच्या जीर्णोद्धारांची असली, तरी पायथ्याशी दक्षिणाभिमुख द्वाराच्या दोन बाजूंस ६५३ सालचे दोन शिलालेख अद्याप जागच्या जागी आहेत. पुढे राजपरीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी येथे येऊन आपली नावे लिहीत. कवी बाय ज्युयी ८०० साली उत्तीर्ण झाला तेव्हा त्या वर्षीच्या सतरा जणांत तोच सर्वांत लहान होता, आणि या गोष्टीचा अभिमान त्याने मुळीच लपविला नाही.

आता आपला संबंध. सम्राटाच्या आज्ञेवरून ह्युएनत्संगाने ६४६ साली पश्चिमेकडील देशांचा जो वृत्तांत सादर केला, त्याच्या अकराव्या खंडात महाराष्ट्राचे प्रकरण आहे. उपकाराची जाण ठेवणारे, अपमानाचा सूड घेणारे, परंतु सूड घेण्यापूर्वी शत्रूस खबर देणारे. संकटात सापडलेल्यासाठी स्वतःचे भान विसरणारे. लढाईस जाण्याआधी हत्तींना मद्य पाजणारे. आणि हरून आलेल्या सेनापतीस दुसरी शिक्षा न करता स्त्रीवेष देणारे, असे आपल्या पूर्वजांचे वर्णन त्याने केले आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याला हर्षवर्धनही नमवू शकला नाही, हेही तो नमूद करतो. शाहिरी उत्साहाचा स्पर्श नसलेली, परक्या दरबारासाठी लिहिलेली ही साक्ष असल्यामुळे तिचे मोल अधिक. आणि ती ज्या नगरात लिहिली गेली तेथे उभे राहताना थोडी ऐट वाटल्यास प्रवाशास क्षमा असावी.

स्तूपाच्या आवारात इतिहासाचा एक स्थानिक विद्यार्थी भेटला. मुंबईचे नाव ऐकून त्याला विशेष काही वाटले नाही; महाराष्ट्र म्हणताच मात्र त्याने अकराव्या खंडाचा हवाला दिला, आणि संध्याकाळी मला नगारखान्यामागच्या मुसलमान मोहल्ल्यात जेवावयास नेले. तेथील जुनी मशीद पाहण्यासारखी आहे: छपरे, अंगणे, कमानी सर्व चिनी घाटाची, परंतु चिनी देवळे दक्षिणाभिमुख असतात, तर हिचा सारा रोख पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेस. तेथून जवळच्याच एका खाणावळीत आमच्यापुढे रिकामे वाडगे आणि घट्ट, जाड भाकऱ्या आल्या. पाहुण्याने त्या स्वतःच्या हाताने कुसकरावयाच्या, मग क्रमांकाचा बिल्ला लावून वाडगा भटारखान्यात जातो, आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो, असा पाओमो नावाच्या या पदार्थाचा शिरस्ता आहे. माझे तुकडे पाहून यजमानाने मान हलविली. ते हरभऱ्याच्या डाळीहून मोठे असता कामा नयेत, नाहीतर आचारी मनातून हसतो, असे सांगून त्याने माझा वाडगा स्वतःकडे ओढला आणि काम पुन्हा आरंभिले.

बोटे चालवीत असतानाच त्याने अत्यंत गंभीरपणे विचारले की, पराभूत सेनापतीस स्त्रीवेष देण्याची रीत तुमच्याकडे अद्याप चालू आहे काय? मी म्हणालो, ती केव्हाच बंद पडली. हल्ली पराभूत सेनापतीस आम्ही कुठल्यातरी प्रांताचा राज्यपाल नेमतो. त्याने हात पुसले आणि ही सुधारणा आपल्या वहीत टिपून घेतली.